ड्रम कुणी बांधले?

रविवार, १२ फेब्रुवारी १९७८. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका पुस्तकाच्या दुकानात, चंद्राबाई गुरव यांनी लालासाहेब मोहिते यांच्यापुढे 'सहा तारा' या पुस्तकाची प्रत ठेवली आणि सही नको असं सांगितलं.

"सही मागनं करा. आदी एक ओळ लिवा."

लालासाहेबांनी मान वर केली नाही. अर्ध्या तासात त्यांनी बावीस प्रतींवर सह्या केल्या होत्या.

"कुणाच्या नावानं?"

"आमच्या मालकांच्या."

"नाव सांगा."

चंद्राबाईंनी नाव सांगितलं नाही. पान एकशे एक्केचाळीस उघडून त्यांनी छापलेल्या मजकुरातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द 'ज्ञानू' होता.

लालासाहेबांनी पेन खाली ठेवलं. मग वर पाहिलं.

ते चौपन्न वर्षांचे. मूळ गाव कऱ्हाड तालुक्यातलं. सोळाव्या वर्षी लष्कराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला गेले, युद्ध संपल्यावर मुंबईला राहिले. हॉटेलांतल्या नाचाच्या बँडमध्ये सतरा-अठरा वर्षं काढली आणि चाळिशीला आल्यावर, बरोबरीचे लोक मुलींची लग्नं ठरवत होते तेव्हा, त्यांनी विजेवरची गिटार गळ्यात घालून 'डेक्कन फाइव्ह' नावाचा पाच जणांचा रॉक बँड काढला. बँड एकाहत्तर साली मोडला. केस मात्र खांद्यापर्यंत राहिले, फक्त पांढरे झाले. बोटांच्या सांध्यांना सूज असल्यामुळे आता ते पाच मिनिटांच्या वर वाजवू शकत नाहीत. म्हणून पुस्तक लिहिलं, असं त्यांनी प्रस्तावनेत म्हटलं आहे.

पुस्तकाचे प्रकाशक आणि दुकानाचे मालक एकच: नाथाजी शेटे. दुकान बारा फूट रुंद आणि चाळीस फूट खोल. दार एकच, रस्त्याकडचं. पाहुण्यांची खुर्ची नाथाजींनी मुद्दाम सगळ्यांत आत, मागच्या भिंतीला टेकून ठेवली होती. लोक दोन्हीकडच्या कपाटांवर नजर टाकत आत यावेत हा हेतू. खुर्चीसमोर टेबल, टेबलासमोर सतरंज्या, सतरंज्यांवर साठेक माणसं, आणि मागे दाराच्या उंबऱ्यापर्यंत चपलांचा ढीग. पाहुण्याला बाहेर पडायचं तर आधी साठ माणसांना उठावं लागणार होतं.

पाच वाजता सत्कार झाला. शाल, नारळ आणि फेटा. फेटा बांधणाऱ्याने मोठ्याने विचारलं, "सायेब, केस आत घिऊ का भाईर सोडू?" सगळे हसले. लालासाहेबही हसले. "आत घे गड्या. आज देशी दिसू दे," ते म्हणाले. फेटा घट्ट बसला; वाचताना ते दोन बोटं घालून तो सारखा सैल करत होते.

मग त्यांनी वाचन केलं. निवडलेलं प्रकरण भूकंपाचं होतं, नाथाजींनी निवडलेलं. या भागात त्याहून जास्त ऐकलं जाईल असं दुसरं काही पुस्तकात नव्हतं. १० डिसेंबर १९६७, रविवार. कोयनानगरच्या वसाहतीतल्या क्लबात 'डेक्कन फाइव्ह'चा कार्यक्रम झाला. पुस्तकाप्रमाणे लालासाहेबांना ताप होता, म्हणून ते क्लबाच्या पाहुण्यांच्या खोलीत मुक्कामाला राहिले. बाकीचे चौघे, 'आमचा ड्रमवाला ज्ञानू धरून', साडेदहाच्या जीपने कऱ्हाडला गेले. तिथून ज्ञानू 'स्वभावाप्रमाणे न सांगता कुठेतरी निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.' पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली. खोलीची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून लालासाहेब वाचले. हे सगळं त्यांनी चांगलं वाचलं. छप्पर कोसळतं तिथे ते थांबले, दुकानात कुणी हाललं नाही.

नंतर प्रश्न झाले. एका वयस्कर गृहस्थांनी रॉकमध्ये कोणते राग येतात असं विचारलं. हा प्रश्न सांगलीत येणार हे नाथाजींना ठाऊक होतं आणि त्यांनी लालासाहेबांना तसं सांगूनही ठेवलं होतं. "राग एकच, शेजाऱ्यांचा," लालासाहेब म्हणाले. पुन्हा हशा झाला.

मग हंबीरराव निंबाळकर उठले. धरणाच्या कामावरचे निवृत्त ओव्हरसियर, सांगलीत मुलाकडे राहतात.

"मी त्याच वसाहतीत होतो, साहेब. सकाळी उजाडल्यावर आम्ही क्लबाचा ढिगारा उपसता आला तेवढा उपसला. माणूस मिळालं नाही. पण ड्रम मिळाला. मोठा, बाजूनं निळा. फुटलेला. त्याची पितळी थाळी मी स्वतः उचलून बाजूला ठेवली. इतकी वर्षं मनात आहे, हे कुणाचं असेल? तुमचाच का तो?"

हंबीरराव हात जोडून उभे होते. साठ माणसं पाहत होती.

"हो," लालासाहेब म्हणाले. "आमचाच."

टाळ्या पडल्या. चंद्राबाई तिसऱ्या सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, असं त्यांच्या शेजारी बसलेल्या शिक्षिकेने नंतर सांगितलं. त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं, एका पानाचा कोपरा दुमडला आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

चंद्राबाई अडतीस वर्षांच्या आहेत. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात त्या शिवणकाम करतात. नवरा ज्ञानू गुरव गावच्या देवळात चौघडा वाजवायचा. तिथून मुंबईला गेला आणि चौघड्याच्या हाताने ड्रम शिकला. डिसेंबर सदुसष्टपासून त्याचा पत्ता नाही. कोयनानगरला कार्यक्रम आहे असं त्याने कळवलं होतं, तेव्हा गावाने त्याला भूकंपात गेला असं धरलं. पण मढं मिळालं नव्हतं. दिराने सांगितलं, मढ्याशिवाय बांगड्या फोडायच्या नाहीत. चंद्राबाईंनी कुंकू पुसलं नाही. हळदीकुंकवाला मात्र त्यांना कुणी बोलावत नाही. दहा वर्षं हे असं चालू आहे.

मुलगी रंगू, वय एकोणीस. तिचं लग्न उंब्रजच्या धोंडिराम गुरवांच्या मुलाशी ठरत आलं होतं. जानेवारीत 'सहा तारा' बाहेर पडलं. धोंडिरामांचा भाचा शाळामास्तर आहे, त्याने ते फेब्रुवारीत वाचलं. दुसऱ्या दिवशी धोंडिराम मलकापुरात येऊन बसले.

"आवं ताई, बाप मेलेला असला तर आमचं कायबी म्हणनं न्हाई," ते म्हणाले. "देवाची मर्जी. पर बायकापोरं टाकून पळालेला असला, तर उद्या आमच्या पोरींच्या सोयरिकीत लोक त्येच काढत्यात. तुमी मला एक काय ते सांगा. गुरवारी सुपारी. तवर."

घरात याच्या उलट चाललं होतं. ज्ञानूची आई बनुबाई, वय पंचाहत्तर. नातीने पुस्तकातलं ते पान वाचून दाखवलं तेव्हा म्हातारीने एवढंच ऐकलं, की पोरगा जीपमध्ये बसून निघून गेला. म्हणजे तो ढिगाऱ्याखाली नव्हता. त्या दिवसापासून ती दाराला कडी लावू देत नाही आणि जेवताना एक ताट जास्त वाढायला लावते. चंद्राबाई ते ताट रोज वाढतात आणि रोज उचलून ठेवतात.

म्हणजे लालासाहेबांनी पुस्तकाप्रमाणे सांगितलं तर मुलीचं लग्न मोडणार होतं. वेगळं सांगितलं तर सासूचा मुलगा दुसऱ्यांदा मरणार होता आणि चंद्राबाईंना विधवा व्हावं लागणार होतं. हे सगळं घेऊन त्या एसटीने सांगलीला आल्या होत्या.

टेबलाशी पुढे जे झालं ते नाथाजी शेटे आणि हंबीरराव निंबाळकर या दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि ते जुळतं.

"तुम्ही त्याच्या कोण?" लालासाहेबांनी विचारलं.

"सांगितलं की. मालक म्हटलं म्या."

"ज्ञानूचं लग्न झालं होतं?"

"पोरगी लग्नाला आली माजी."

"तो कधी बोलला नाही."

"तुमी कवा इचारलं?"

चंद्राबाईंनी मागची पानं चाळली आणि एकसष्टावर थांबल्या. वाचता त्यांना जेमतेम येतं, पण ते पान त्यांचं पाठ होतं.

"ह्ये बी तुमीच लिवलंय न्हवं? 'बँडचा एक नियम होता. ज्याचं सामान जास्त, तो मागे राही. आम्ही तारा गुंडाळून मोकळे होत असू. ज्ञानूला ड्रम सोडून, पुसून, कापडात बांधून पेटीत घालायला दीड तास लागे. त्याने ड्रमला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही.' ह्येच हाय न्हवं?"

"हो."

"मला पत्रात बी त्येच लिवायचे. समदी म्होरं जात्यात, म्या बांधाबांध करून मागनं येतो." त्यांनी हंबीररावांकडे बोट केलं. ते अजून टेबलाजवळच होते. "ह्ये बाबा म्हणत्यात, ड्रम हुता तितं. तुमी म्हणला, आमचाच. मग मला सांगा, ड्रम मागं राहिला तर ड्रमवाला म्होरं कसा गेला?"

नाथाजी मध्ये पडले. "बाई, मागं लोक खोळंबलेत. तुमचं काय असेल ते कार्यक्रम झाल्यावर बोलू."

"म्या येक ओळ मागत्ये, दादा. तुमच्या पुस्तकात बाराशे असतील."

"अहो, पण कुणाबद्दल? नाव तरी सांगाल का?"

"ज्ञानदेव पांडुरंग गुरव," चंद्राबाई म्हणाल्या.

रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लग्न झाल्यावर नवऱ्याचं नाव असं, उखाण्याबिखाण्यावाचून, भर माणसांत घेताना त्यांनी कुणाला ऐकलं नव्हतं. शिक्षिका म्हणते, की ते नाव घेताना बाईंचा आवाज जराही हालला नाही, मात्र घेऊन झाल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली.

लालासाहेबांनी दाराकडे पाहिलं. मध्ये रांग होती, सतरंज्या होत्या, पाठीमागे भिंत. त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला.

"मला नक्की माहीत नाही," ते हळू म्हणाले.

"जे म्हाईत हाय तेवडंच लिवा."

"मी तिथं नव्हतो."

"म्हंजे?"

"ताप कुणालाच नव्हता. जीपमध्ये मी होतो. चौघं आम्ही गेलो. तो ड्रम बांधत राहिला. म्हणाला, सकाळच्या गाडीनं येतो. ती खोली त्याची होती."

हंबीररावांनी टेबलावर हात टेकला. "साहेब, पण आत्ता तुम्ही ती भिंत, ते छप्पर..."

"वर्तमानपत्रात वाचलं होतं."

"आणि तुम्ही परत गेला नाहीत? बघायला?"

"रस्ता बंद होता."

"आठवड्यात उघडला होता. त्या रस्त्यावर मीच होतो."

लालासाहेब म्हणाले, लिहायला बसलो तेव्हा वाटलं, ज्ञानूचं मागं कुणी नाही. त्याची जागा घेतली तर कुणाचं काय जातं? हे त्यांनी नाथाजींकडे बघून सांगितलं, चंद्राबाईंकडे बघून नाही. नाथाजींना यातलं काहीच माहीत नव्हतं, असं नाथाजींचं म्हणणं आहे. भूकंपाचं प्रकरण जरा वाढवा, एवढं आपण सुचवलं होतं, हे ते मान्य करतात.

"लिवा," चंद्राबाई म्हणाल्या.

लालासाहेबांनी पान एकशे एक्केचाळीसच्या समासात लिहिलं. सुजलेल्या बोटांनी लिहायला वेळ लागला. 'त्या रात्री ज्ञानू मागे राहिला. जीपमधून मी गेलो.' खाली सही, तारीख, सांगली.

चंद्राबाईंनी शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं धरलं. मग त्या रांगेच्या कडेने, माणसांना बाजूला करत दाराशी गेल्या. चपला सापडायला त्यांना बराच वेळ लागला. लालासाहेबांनी उरलेल्या एकोणीस सह्या केल्या.

सोमवारी दुपारी उंब्रजला ते पान धोंडिरामांनी पाहिलं. भाच्याने वाचून दाखवलं.

"वर छापलंय येक, कडंला लिवलंय दुसरं," धोंडिराम म्हणाले. "गावात शंभर जणांकडं वरचं हाय. कडंचं तुमच्या येकटीकडं. लोक कंचं धरतील, ताई?"

"त्येंच्या हातचं हाय."

"म्या खोटं म्हणत न्हाई. पर ह्ये पुस्तक घिऊन तुमी काय गावभर फिरणार हायसा व्हय?" रविवारी साताऱ्यात लालासाहेबांचं दुसरं वाचन होतं, ते भाच्याने वर्तमानपत्रात वाचलं होतं. "आपुन समदी जाऊ. त्येंनी चार मानसांत उभं राहून तोंडानं सांगावं. मग सुपारी या गुरवारी न्हाई तर फुडच्या."

नाथाजींनी हा निरोप लालासाहेबांना दिला. लालासाहेब नाथाजींच्याच घरी माडीवर उतरले होते. त्या आठवड्यात ते खाली फक्त जेवायला येत. नाथाजींनी त्यांना तीन वेळा विचारलं, साताऱ्यात काय वाचणार? पहिल्यांदा ते म्हणाले, मुंबईचं प्रकरण. दुसऱ्यांदा म्हणाले, काहीच वाचणार नाही, बोलेन. तिसऱ्यांदा त्यांनी उलट विचारलं, "बोललो तर पुस्तकाचं काय?"

"छापलंय ते छापलंय," नाथाजी म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत बघू." पुढची आवृत्ती निघेल असं त्यांना स्वतःला तेव्हा वाटत नव्हतं.

मलकापुरात चंद्राबाईंनी सासूला काही सांगितलं नाही. ताट वाढणं चालू राहिलं. कडीही उघडीच राहिली. गुरुवारी रंगूने विचारलं, "आये, रविवारी त्येनी खरं सांगितलं, तर तू कुंकू कवा पुसणार? माज्या लग्नाआदी का मागनं?" चंद्राबाईंनी तिला गप्प केलं. हा प्रश्न धोंडिरामांच्या बायकोनेही विचारला होता.

रविवार, १९ फेब्रुवारी. नाथाजी आदल्या दिवशीच पुस्तकांचे गठ्ठे घेऊन साताऱ्याला गेले होते. लालासाहेब सकाळी पावणेअकराच्या गाडीत बसले. नाथाजींच्या मुलाने त्यांना सांगली स्थानकावर स्वतः बसवून दिलं. खिडकीशेजारची जागा, बरोबर एक कातडी बॅग.

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या दुकानात वाचन पाचला होतं. साडेचारलाच जागा भरली. धोंडिराम, त्यांची बायको, भाचा आणि भावकीतले चौघे पुढच्या रांगेत बसले. चंद्राबाई त्यांच्या मधोमध, कपाळाला कुंकू, मांडीवर पुस्तक. रंगू आजीजवळ घरी थांबली होती. दुकान सांगलीच्या दुकानापेक्षाही अरुंद होतं. पाच वाजले, सव्वापाच झाले. शाल आणि नारळ टेबलावर ठेवलेले होते.

"येतील," नाथाजी दर दहा मिनिटांनी सांगत होते.

"तुमच्या पावन्याला मागं राह्याची सवय दिसतीया," धोंडिरामांच्या भावकीतला एक जण म्हणाला. धोंडिरामांनी त्याला गप्प केलं.

सहा वाजता नाथाजींनी बसस्थानकावर माणूस पाठवला. तो पावणेसातला परतला. सांगलीची गाडी दुपारी वेळेवर आली होती. कातडी बॅग कंट्रोलरच्या टेबलावर होती. कंडक्टरच्या म्हणण्याप्रमाणे गाडी कऱ्हाडला पंधरा मिनिटं थांबली, तेव्हा लांब केसांचे गृहस्थ चहाला म्हणून उतरले ते परत आले नाहीत. त्याने दोनदा घंटा मारली, वाट बघितली आणि गाडी सोडली.

दुकानात लोक उठू लागले. पुढची रांग उठली नाही.

"आता ह्येला काय म्हणायचं, ताई?" धोंडिराम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

दुकानदार दिवे मालवेपर्यंत चंद्राबाई बसून होत्या. मग सगळे एकाच गाडीने परतले.

सोमवारी नाथाजी कऱ्हाड स्थानकावर जाऊन चौकशी करून आले. चहावाल्याला लालासाहेब आठवतात. त्यांनी चहा घेतला नाही, कोयनानगरची गाडी कुठे लागते एवढं विचारलं. ती गाडी दुपारी दीडला सुटली. तिच्या कंडक्टरने पांढऱ्या लांब केसांच्या माणसाला तिकीट दिल्याचं सांगितलं. ते कोयनानगरपर्यंतचं होतं की पाटणपर्यंतचं, हे त्याला आठवत नाही. गर्दी होती. माणूस कुठे उतरला, तेही त्याने पाहिलं नाही.

धोंडिरामांनी गुरुवारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. मंगळवारी दुपारी हे लिहीपर्यंत लालासाहेब मोहिते मुंबईच्या घरी पोचलेले नाहीत आणि कोयनानगरच्या नव्या क्लबात कुणी आल्याची नोंद नाही.